प्लायवुडचा द्रोण

डोणगावात शिडाची होडी बांधायची असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न ठरलेला: पाणी कुठंय? प्रश्न वाजवी आहे. मेहकर तालुक्यातलं हे गाव समुद्रापासून हवाई अंतरानं सुमारे 400 किलोमीटर आत आहे. बंदर नाही, खाडी नाही, भरती-ओहोटीचा तर संबंधच नाही. इथं पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून पैनगंगेला मिळतो आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा लांबचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोचतो. अरबी समुद्र त्यामानानं जवळ, पण आपलं पाणी तिकडं जात नाही. घाटाखालचं जातं, पूर्णेतून आणि तापीतून.

तरीही घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं एरवी मोटारसायकल, फवारणीचा पंप आणि सोयाबीनची रिकामी पोती असतात, तिथं आठ फुटांची शिडाची होडी नक्की तयार होऊ शकते. होडी बांधताना पाणी लागतं ते शेवटच्या दिवशी. त्याआधीचे दोन-तीन महिने लागतं ते लाकूड, धार लावलेलं हत्यार, दोरी, ओळंबा आणि रेष ओळखणारा डोळा. या सगळ्या गोष्टी वऱ्हाडातल्या सुतारकामात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ज्या हातांनी तुंबा, आरे आणि पुठे एकमेकांत बसवून बंडीचं चाक गोल केलं, वर लालबुंद तापवलेली लोखंडी धाव चढवून ते आवळलं, त्या हातांना होडीचा बाक अवघड जाणार नाही.

आपल्या भाषेतही हे नातं आहे. गुरांना पाणी पाजायची लाकडाची किंवा दगडाची कुंडी म्हणजे डोण. डोणी म्हणजे लहान डोण, आणि लहान होडीसुद्धा. संस्कृतात द्रोण म्हणजे लाकडी भांडं आणि द्रोणी म्हणजे डोणही आणि होडीही. ओंडका पोखरला, त्यात पाणी भरलं तर ती डोण. तोच ओंडका पाण्यावर सोडला तर डोणी. आणि पंगतीत कढी ज्यात वाढतात तो पळसाच्या पानांचा द्रोणही याच घरातला. या द्रोणाकडं मी पुन्हा येणार आहे, कारण घरच्या घरी होडी बांधण्याची सगळ्यात सोपी रीत त्यात दडलेली आहे.

त्याआधी अजिंठ्याला जाऊन येऊ. अजिंठ्याचा डोंगर आपल्याच जिल्ह्यातून पुढं सरकतो, म्हणजे हे शेजारचंच घर. तिथल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. लेणी समुद्रापासून जवळजवळ 300 किलोमीटर आत, आणि भिंतीवर भरल्या शिडाचं जहाज! पाचव्या शतकातलं हे चित्र भारतीय नौदलानं आपल्या काळात पुन्हा अभ्यासाला घेतलं. त्यावरून लाकडाचं खरंखुरं जहाज बांधायचं ठरलं. जुलै 2023 मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पठाण बसवलं गेलं. पठाण म्हणजे होडीच्या तळातला कणा, ज्यावर सगळं उभं राहतं. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली हे काम झालं. जहाजाचा नकाशा कुठंच नव्हता, होतं ते फक्त भिंतीवरचं चित्र. मग चित्रावरून आकार काढायचा, त्याचं छोटं प्रतिरूप पाण्यात तपासायचं (त्यासाठी आयआयटी मद्रासची मदत झाली) आणि मग फळ्या कापायच्या, असा क्रम लागला. 21 मे 2025 ला कारवारला हे जहाज नौदलात दाखल झालं आणि त्याला कौंडिण्य हे नाव मिळालं. 29 डिसेंबर 2025 ला ते पोरबंदरहून मस्कतकडे निघालं.

यातली खरी गंमत फळ्या जोडण्यात आहे. कौंडिण्यच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या आहेत. फळीच्या काठालगत भोकं पाडायची, दोन फळ्या काठाला काठ लावून उभ्या करायच्या, फटीवर नारळाच्या तंतूंचा पेळू ठेवायचा आणि त्याच्यावरून दोरी ओवत आवळत जायचं. वरून राळ आणि तेल. अरबी समुद्रात अशा शिवलेल्या जहाजांची परंपरा शेकडो वर्षांची. लाटेचा मार बसला की खिळ्यांची होडी कडक राहते आणि एखाद दिवशी फाटते. शिवलेली होडी थोडी लवते, मार अंगावर घेते आणि पुन्हा जागेवर येते.

शिवणीची ही कल्पना विसाव्या शतकात अगदी वेगळ्या रूपानं परत आली. 1963 च्या सुमारास ब्रिटनमध्ये ‘डेली मिरर’ या दैनिकाच्या पुढाकारानं मिरर नावाची होडी निघाली. लांबी 10 फूट 10 इंच, लाल शिडं. आराखडा जॅक होल्ट यांचा, आणि बांधण्याची युक्ती बॅरी बकनेल यांची. हे बकनेल टीव्हीवर लोकांना घरगुती सुतारकाम शिकवायचे. युक्ती अशी: प्लायवुडचे कापलेले तुकडे काठाला काठ लावून तांब्याच्या तारेनं टाचायचे, सांध्यावर काचतंतूची पट्टी चिकटवायची, ती वाळून दगड झाली की तार कापून टाकायची. सांगाडा नाही, वाक म्हणजे आतल्या बरगड्या नाहीत, अवघड जोड नाहीत. या एका युक्तीनं होडी कारखान्यातून घराच्या गॅरेजमध्ये आली. आजवर 70,000 हून जास्त मिरर बांधल्या गेल्या, आणि त्यातल्या कितीतरी अशा माणसांनी बांधल्या ज्यांनी आधी फार तर एखादं पुस्तकांचं कपाट केलं होतं.

आता द्रोणाकडं वळू. पळसाचं पान सपाट असतं. ते दुमडून, काठ एकमेकांवर आणून हिरकुटानं टाचलं की सपाट पानाला खोली येते. पान ताणलेलं नाही, ओढलेलं नाही, फक्त वाकवलेलं आणि टाचलेलं. प्लायवुडचंही तसंच. प्लायवुड एका दिशेनं वाकतं, दोन्ही दिशांनी एकदम फुगत नाही. त्याची वाटी होत नाही. पण तळाच्या तुकड्याचा काठ थोडा गोलाईत कापला, बाजूच्या तुकड्याचा काठ वेगळ्या गोलाईत कापला आणि ते दोन काठ तारेनं एकमेकांना बांधत गेलं, तर दोघांनाही वाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. होडीचा आकार आपण देत नाही, तो त्या दोन गोलाया देतात. म्हणून सगळं कौशल्य कापण्याच्या रेषेत असतं. ही रेष काढायला महागडं यंत्र लागत नाही. आराखड्यातल्या मापाचे ठिपके प्लायवुडवर घ्यायचे, प्रत्येक ठिपक्यावर बारीक चूक ठोकायची आणि त्यांना टेकवून बांबूची एकसारखी तासलेली कामटी वाकवून धरायची. कामटी स्वतःच सुबक वळण घेते. एखादा ठिपका चुकला असेल तर तिथं ती अडखळते. खाली वाकून, एक डोळा मिटून कामटीच्या लांबीवरून नजर टाकली की ती अडखळ लगेच दिसते. जुना सुतार दाराची फळी अशीच पाहतो.

कुठली होडी बांधायची? माझं मत स्पष्ट आहे: पहिली होडी ऑप्टिमिस्टच्या जातीची असावी, आठ फुटांच्या आतली, नाकाकडून चपटी. 1947 साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स यांनी ती काढली. मागणी अशी होती की मुलांसाठी स्वस्त शिडाची होडी हवी, बापलेकांनी गॅरेजमध्ये बांधण्यासारखी, खर्च 50 डॉलरच्या आत. मिल्स यांना पुढून टोकदार नाळ असलेली होडी करायची होती. पण प्लायवुड आठ फुटी मिळायचं, टोक काढलं की लांबी पुरेना. मग त्यांनी नाक कापून सरळ पाटी लावली. ती तडजोड पुढं जगभर गेली. आज ऑप्टिमिस्टची लांबी 2.36 मीटर, रुंदी 1.13 मीटर आणि रिकाम्या होडीचं वजन 35 किलो असतं. भारतातल्या शिडाच्या क्लबांत लहान मुलं हिच्यावरच शिकतात. आणि आपल्याकडंही प्लायवुडची शीट 8 बाय 4 फुटांचीच येते, मेहकरातून मालवाहू रिक्षात घालून आणण्याजोगी.

प्लायवुड मात्र कपाटाचं नको. दुकानात गेलं की आयएस 710 चा शिक्का बघा. हे मरीन प्लायवुड. त्याच्या डिंकाची परीक्षा 72 तास उकळत्या पाण्यात होते. साधं प्लायवुड पाहुण्यासारखं दोन दिवस बरं वागतं आणि मग पापुद्रे सोडतं. 6 मिलिमीटर जाडीच्या एका शीटचं वजन बारा किलोच्या आसपास भरतं, त्यामुळं दोन-तीन शीटांची होडी दोन माणसांना उचलता येते. काठाच्या पट्ट्या, पाट्या आणि सुकाणूसाठी सागवान घ्यावं. बाभूळ बळकट खरी, पण वजनदार. सागवानाचा एक गुण इथं अडचण होतो. त्यात नैसर्गिक तेल असतं, म्हणून ते पाण्यात टिकतं आणि म्हणूनच त्यावर डिंक नीट धरत नाही. चिकटवण्याच्या अगदी आधी काचकागद मारून थिनरनं पुसून घेतलं तर धरतो.

प्रत्यक्ष टाचण्याचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. काठापासून अर्धा सेंटिमीटरहून थोडं आत, दर वीतभर अंतरावर बारीक भोकं. समोरच्या फळीला त्यांच्याच जोडीची भोकं. त्यातून तांब्याची तार ओवायची आणि बाहेरच्या अंगानं पक्कडीनं दोन-तीन पीळ द्यायचे, सैल. पहिल्यांदा सगळं लटलटत असतं, खोक्यासारखं. मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं प्रत्येक तारेला अर्धा-अर्धा पीळ देत जायचं. पाचव्या-सहाव्या फेरीला फळ्या करकर आवाज करतात, काठ एकमेकांत बसतात आणि सकाळी जमिनीवर पडलेले सपाट तुकडे संध्याकाळी होडी होऊन उभे असतात. या क्षणी घाई करू नये. आधी दोरी घ्यायची. पुढच्या पाटीच्या मधोमध चूक ठोकून दोरीनं मागच्या पाटीचे दोन्ही कोपरे मोजायचे. दाराची चौकट काटकोनात आहे का हे सुतार कर्ण मोजून बघतो, तेच हे. दोन मापं सारखी आली नाहीत तर होडी तिरकी आहे, आणि तिरकी होडी आयुष्यभर एका बाजूला ओढते. आत्ता ती हातानं सरळ होते. उद्या राळ वाळल्यावर हत्तीनंही होणार नाही.

मग राळ, म्हणजे इपॉक्सी. दोन द्रव ठरलेल्या प्रमाणात कालवायचे, त्यात रंध्याखालचा नव्हे तर काचकागदाखालचा मैद्यासारखा भुसा मिसळायचा आणि श्रीखंडाइतकं घट्ट करून आतल्या सांध्यात भरायचं. आइसक्रीमच्या काडीच्या गोल टोकानं ओढत नेलं की सांध्यात सुरेख गोलवा बसतो. त्यावर तीन इंची काचतंतूची पट्टी. चिमट्यांऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्या तरी काम भागतं. शिकंजे कितीही असले तरी कमीच पडतात.

इथं आपल्या हवेचा विचार हवा, कारण परदेशी पुस्तकांतल्या सूचना थंड देशांसाठी लिहिलेल्या असतात. इपॉक्सी घट्ट होताना स्वतः उष्णता सोडते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. पुस्तकात 25 अंशांना अर्धा तास लिहिला असेल तर एप्रिलच्या दुपारी आपल्या पत्र्याखाली दहा मिनिटंही मिळणार नाहीत. खोल डब्यात जास्त कालवलं तर उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. डबा हाताला चटका देतो, मिश्रण पिवळं पडतं, धूर निघतो आणि बघता बघता दगड होतो. उपाय साधा आहे: थोडं कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. पावसाळ्यात दमट हवेनं वरच्या थरावर चिकट साय येते, ती धुऊन काढल्याशिवाय पुढचा थर बसत नाही. म्हणून दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंतचा काळ या कामाला सगळ्यात चांगला. सोयाबीनची धावपळही तोवर उतरलेली असते. हातमोजे आणि तोंडाला मास्क यांत हयगय नको. ही राळ काही जणांच्या कातडीला कायमची न सोसणारी होते.

पारंपरिक पद्धतीनं, म्हणजे पठाण, वाक आणि फळ्या अशा क्रमानं बांधलेल्या होडीचं काय? तिचं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईतलं आहे. 1960 च्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजावरचा तरुण ब्रिटिश अधिकारी मुंबईत होता. त्यानं 32 फुटांची सुहैली इथंच, सागवानात बांधून घेतली. आपल्या कारागिरांनी ती वाकस आणि दोरीचा सामता यांसारख्या हातहत्यारांनी केली. 14 जून 1968 ला तो तिच्यात बसून इंग्लंडातून एकटा निघाला आणि 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 ला, कुठंही न थांबता पृथ्वीला फेरी मारून परतला. असं करणारा तो जगातला पहिला माणूस. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते, पोचला तो एकटा.

सुहैलीलाही गळती लागली, आणि ती कुठं लागली हे होडी बांधणाऱ्यानं लक्षात ठेवावं. प्रवासाच्या सुरुवातीलाच, केप व्हर्द बेटांच्या टापूत, पठाणालगतच्या फळीच्या सांध्यातून दोन्ही बाजूंनी पाणी येऊ लागलं. जागा पाण्याखाली पाचेक फूट. तो श्वास रोखून बुडी मारी, सांध्यात कापूस ठोकी, वर येऊन दम घेई. नुसता कापूस टिकेना, तेव्हा त्यानं कापूस कॅनव्हासच्या पट्टीला शिवला, डांबर लावून चुकांनी ठोकला आणि वर तांब्याचा पत्रा मारला. मध्येच शार्क फिरू लागला, त्याला बंदुकीनं मारावं लागलं. होडीवरचा सगळा ताण जिथं कणा आणि फळी भेटतात तिथं येतो. आपल्या आठ फुटी होडीतही तळ आणि बाजू यांच्या सांध्याला, आणि तळातून पाण्यात उतरणाऱ्या मधल्या फळीच्या खोक्याला, राळेचा एक हात जास्तच द्यावा.

लाकूड आणि काचतंतू यांची सांगड मोठ्या प्रमाणावर पाहायची तर गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली म्हादेई बघावी. 56 फुटांची ही नौका सीडार लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून, आतून-बाहेरून काचतंतू आणि इपॉक्सीचं कवच चढवून केलेली आहे. तिच्यातूनच दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. या मोहिमेचा ध्यास घेतलेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर कुठं राहत होते? फलटणजवळच्या विंचुर्णीत. म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या कोरडवाहू माळरानावर.

होडी वाऱ्यावर चालते कशी, हेही थोडक्यात सांगायला हवं, कारण सुकाणू आणि मधली फळी का लागते ते त्यावाचून कळत नाही. वारा पाठीमागून असेल तर शीड ढकललं जातं, त्यात नवल नाही. पण वारा समोरच्या कोपऱ्यातून येत असला तरी होडी पुढं जाते. सीताफळाची ओली बी दोन बोटांत चिमटून बघा. बोटं दोन बाजूंनी दाबतात आणि बी तिसऱ्याच दिशेनं, पुढं सुटते. होडीचं तसंच: एका बाजूनं शिडावर वारा, दुसऱ्या बाजूनं तळातून खाली उतरवलेल्या उभ्या फळीवर पाणी. आडवं सरकायला वाट नाही, मग होडी पुढं सुटते. ती फळी काढली की होडी पानासारखी आडवी वाहवत जाते. वाऱ्याच्या थेट तोंडावर मात्र कुठलीच शिडाची होडी जात नाही. दोन्ही अंगांनी साधारण 45 अंशांवर नागमोडी वळणं घेत जावं लागतं. शीड पॉलिएस्टरच्या कापडाचं उत्तम, पण पहिल्या वर्षी हलक्या ताडपत्रीचंही चालतं. गावातल्या शिंप्याला एवढंच सांगायचं की काठ सरळ नको, किंचित गोलाईत कापा, म्हणजे शिडाला पोट येईल. डोलकाठीला सरळ, भरीव बांबू पुरतो.

आणि पाणी? ते आहे. मेहकर तालुक्यातच कोराडी आणि पेनटाकळीची धरणं आहेत, पलीकडं देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णा. धरणाच्या पाण्यावर शिडं चालवणं काही नवं नाही: राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र खडकवासल्याच्या जलाशयातच शिडाची होडी शिकतात आणि हैदराबादच्या हुसेन सागरावर देशभरातले स्पर्धक जमतात. लोणारच्या सरोवराचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. ते अभयारण्य आहे आणि 2020 पासून रामसर यादीत आहे. धरणावर जायचं तर आधी जलसंपदा विभागाची परवानगी घ्या आणि तिथं मासेमारी करणाऱ्यांना विचारा. बुडालेल्या झाडांची खोडं कुठं आहेत आणि जाळी कुठं लावलेली असतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. होडीच्या दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे करा, म्हणजे उलटली तरी तरंगेल. आणि पोहता येत असो वा नसो, लाइफ जॅकेट अंगात असल्याशिवाय कुणीही होडीत पाय ठेवू नये, मुलांनी तर नाहीच.

लाकूड आणण्याआधी एक काम आजच करता येईल. ऑप्टिमिस्टच्या जातीच्या होडीचा एखादा आराखडा मिळवा, त्यातली मापं दहापटीनं लहान करा आणि वहीच्या पुठ्ठ्यावर तळ, दोन बाजू आणि दोन पाट्या काढून कापा. सुई-दोऱ्यानं काठाला काठ टाचा. वीतभर लांबीची होडी तळहातावर उभी राहील आणि कुठली रेष चुकली तेही दाखवील. ती बादलीत तरंगवा, मुलांना दाखवा, आणि मगच प्लायवुडच्या दुकानात जा.